चॉको मस्क: दोनशे रुपयांचं गोड अत्तर, पण ऊन उतरल्यावर

कुपी ६ मिलीची, करंगळीएवढी. काचेची बारीक बाटली, प्लास्टिकच्या खोबणीत बसवलेला गोळा, वर फिरकीचं टोपण. आत पिवळसर तेल, अल्कोहोल नाही. सौदी अरेबियातल्या अल रिहाब कंपनीचं 'चॉको मस्क' ते हेच. तालुक्याच्या गावातलं कटलरीचं दुकान, उरुसातली अत्तराची पाटी, नाहीतर ऑनलाइन, कुठंही घ्या, दोनशे रुपयांच्या अलीकडे-पलीकडे मिळतं. मिठाईच्या वासाचं स्वस्तातलं काही मागितलं की दुकानदार पहिल्यांदा हीच कुपी काढतो, आणि त्यात तो चुकत नाही. घोळ होतो तो पुढं. हे कधी लावायचं, कुठं लावायचं आणि किती, हे कुणी सांगत नाही. विदर्भातल्या उन्हात तर या तीन गोष्टी चुकल्या की चांगलं अत्तरही शेजारच्याला ओकारी आणतं.

आधी वास. नावात चॉकलेट आहे म्हणून काळ्या, कडू चॉकलेटची आशा धरू नये. मनगटावर एक रेघ ओढली की पहिल्या मिनिटाला येतो तो बोर्नव्हिटाच्या नव्या डब्याचा वास. चंदेरी पट्टी फाडून चमचा आत घालताना जरा भुकटी उडते ना, तेव्हाचा. कोरडा, दुधाळ, गोड. मागे दालचिनीची पुसट झाक, ती लवकर जाते. पाव तासानं भुकटीचा कोरडेपणा विरघळतो आणि आटवलेल्या दुधाचा, टॉफीचा गोडवा वर येतो. खव्याची आठवण यावी असा, पण तुपाचा वास त्यात नाही.

खऱ्या कोकोचा वास भाजण्यातून येतो. बिया भाजल्या की पायराझिन नावाची संयुगं तयार होतात. फुटाण्याच्या भट्टीवर, भाजलेल्या शेंगदाण्यात, कॉफीत याच कुळातली संयुगं असतात. अत्तरात ती चिमटीनं घालावी लागतात, हात जरा सैल सुटला की करपलेल्या पोळीचा वास मारतो. म्हणून स्वस्त चॉकलेटी अत्तरात भाजका भाग कमी असतो आणि बाकीचं काम व्हॅनिलिन (व्हॅनिलाच्या वासाचं रसायन) आणि इथाइल माल्टॉलवर भागवलं जातं. इथाइल माल्टॉलचा वास सगळ्यांना ठाऊक आहे, नाव तेवढं ठाऊक नसतं. जत्रेत बुढ्ढी के बाल काढायच्या यंत्राजवळ उभं राहिलं की येतो तोच. मिठाईच्या वासाच्या अत्तरांची आजची लाट याच पदार्थावर उठली. १९९२ साली थिएरी म्युग्लर या फ्रेंच फॅशनकाराच्या 'एंजल' अत्तरामध्ये इथाइल माल्टॉल भरपूर घालून त्याला पचौलीच्या मातकट वासाची जोड दिली, आणि खाण्याच्या वासाची अत्तरं हा वेगळा प्रकारच रूढ झाला. व्हॅनिलिन तर त्याहून कितीतरी जुनं. ते १८७४ साली प्रयोगशाळेत तयार झालं आणि १८८९ मधल्या गेर्लां या फ्रेंच कंपनीच्या 'जिकी' अत्तरात वापरलंही गेलं. सांगायचा मुद्दा एवढाच की स्वस्त कुपीतलं गोड आणि महागड्या बाटलीतलं गोड यांचा कच्चा माल बराचसा एकच असतो. पैसे मोजले जातात ते त्या गोडाला टेकू द्यायला खाली काय ठेवलंय, त्याचे. चॉको मस्कमध्ये टेकू आहे कस्तुरीचा (मस्क म्हणजे कस्तुरीच), आणि तोही साधाच.

कस्तुरी म्हणजे अर्थातच हरणाची नव्हे. १८८८ साली आल्बर्ट बाउर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला स्फोटकांवर काम करताना पहिली कृत्रिम कस्तुरी गवसली आणि तिथून हा धंदा प्रयोगशाळेकडे वळला. आता वापरात असलेल्या कस्तुऱ्या त्याहून वेगळ्या, स्वच्छ धुतलेल्या कपड्यासारख्या वासाच्या. त्यांचे रेणू मोठे, उडायला आळशी, म्हणून अंगावर सगळ्यांत शेवटी उरतात त्याच. पण त्यांची एक गंमत आहे. काही माणसांच्या नाकाला काही कस्तुऱ्यांचा वास येतच नाही. एरवी नाक शाबूत, सर्दी नाही, तरी नाही. त्यामुळं एकाच घरात नवरा म्हणतो तासाभरात उडून गेलं आणि बायको म्हणते अहो, अजून येतोय की वास. दोघंही खरं बोलत असतात. अत्तर टिकलं का हे स्वतःच्या नाकाला विचारू नये. शिवाय नाक पंधरा-वीस मिनिटांत सवयीनं थकतं. बाहेरून घरात आलेल्या माणसाला विचारावं.

थंडीतल्या संध्याकाळी, वीस-बावीस अंशांत, बऱ्यापैकी तुकतुकीत कातडीवर एक रेघ लावली तर हिशोब साधारण असा बसतो. पहिला अर्धा-पाऊण तास वास हातभर अंतरावर जातो. अल्कोहोलचा स्प्रे उडताना वास सोबत फेकतो, तेल तसं करत नाही, अंगाच्या उबेनं जेवढं सुटेल तेवढंच सोडतं. म्हणून 'लावलं तरी कुणाला कळलंच नाही' ही तक्रार तेलाच्या अत्तराबाबत नेहमी ऐकू येते. ती खोटी नाही, पण तो दोष नव्हे, स्वभाव आहे. दुसऱ्या-तिसऱ्या तासाला चॉकलेट ओळखू येत नाही, व्हॅनिला आणि दूध उरतं. चौथ्यानंतर पावडर लावलेल्या लहान मुलाच्या मानेसारखा मऊ वास, तोही नाक टेकवलं तरच. सहा तासांवर कातडीवरून हे अत्तर संपलं असं धरून चालावं. कापडावर मात्र दुसऱ्या दिवशीही सापडतं, लोकरीच्या शालीवर तर आठवडाभर.

दोनशे रुपयांच्या मानानं हे चांगलं आहे. मधल्या टप्प्यात फारसं काही घडत नाही, ही उणीव खरी. सुरुवातीची भुकटी छान, शेवटची कस्तुरी छान, आणि मधले दोन तास एकसुरी गोड. ज्याला वास बदलत जाणारं अत्तर आवडतं त्याला कंटाळा येईल.

आता उन्हाळ्याचं. मार्च सरला की ही कुपी आत ठेवावी, असं स्पष्टच सांगायला हवं. एप्रिल-मे मध्ये अकोला, चंद्रपूर, वर्ध्याकडे पारा ४३-४५ च्या घरात असतो. नवतपाच्या कडक नऊ दिवसांत सावलीतही अंग भाजतं. एवढ्या उष्णतेत दोन गोष्टी होतात. एक, गोड भाग एकदम उसळतो. जे चार तासांत हळूहळू सुटायला हवं ते तासाभरात बाहेर पडतं. वास दणकट होतो पण त्यातला सगळा नाजूकपणा जातो, उरतो तो पाक जळू लागल्यासारखा चिकट गोडवा. दुसरी गोष्ट जास्त वाईट, ती घामाची. ताज्या घामाला स्वतःचा वास फारसा नसतो. कातडीवरचे जिवाणू त्याची आम्लं करतात, त्यांतलं आयसोव्हॅलेरिक आम्ल आंबूस, जुन्या चीजसारखं असतं. त्यावर दुधाळ चॉकलेट पडलं की नाकाला दोन्ही मिळून एकच निरोप जातो: दूध नासलं. गुलाबाचं किंवा खसाचं अत्तर घामासोबत कसंबसं निभावून जातं. दुधाळ वासाला ते जमत नाही. भर दुपारची एसटी, खिडकीतून गरम वारा, शेजारी तीन माणसं आणि गळ्याला चॉको मस्क, असं कुणावर लादू नये.

पूर्व विदर्भात आणखी एक अडचण. मार्च-एप्रिलात भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे अंगणाअंगणात मोहफुलं वाळत घातलेली असतात. त्या जड, आंबूस गोड वासात हे अत्तर लावणं म्हणजे उसाच्या गुऱ्हाळात साखरेचं पुडकं उघडणं. कळणारच नाही.

तरी उन्हाळ्यातल्या लग्नाला लावायचंच असेल तर जुनी युक्ती सगळ्यांत भली: फाया. घरच्या कापसाची मुगाच्या दाण्याएवढी गोळी करायची, कुपीचा गोळा तिच्यावर एकदाच फिरवायचा आणि कानाच्या वरच्या पाळीच्या खाचेत खोचायची. कानाच्या छिद्रात नव्हे. अत्तर कातडीला लागत नाही, घामात कालवत नाही, आणि नको झालं तर काढून फेकता येतं. तेल लावून पुसून टाकणं एवढं सोपं नसतं. रंगीत किंवा औषधी वासाचा कापूस घेऊ नये. वरातीत नाचणार असाल तर फायासुद्धा नको.

या अत्तराचा खरा हंगाम दिवाळी ते होळी. रात्री वावरात हुरडा भाजायला बसलेले असताना धुराच्या वासात हे सुरेख मिसळतं, कारण भाजलेपणाची जी कमतरता कुपीत आहे ती शेकोटी भरून काढते. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतली नाटकं रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात. शाल गुंडाळून मांडवात बसलेल्या माणसासाठी याहून बरं स्वस्त अत्तर नाही. शालीच्या आत उबेनं वास साठतो, हललं की एक झुळूक बाहेर येते. पावसाळ्यात मधलं धोरण ठेवावं. हवा दमट असली की वास वाढल्यासारखा वाटतो, तेव्हा मात्रा निम्मी करायची. फवारणीच्या दिवसांत, कपड्यांना औषधाचा दर्प असताना, वरून गोड अत्तर मारून तो झाकायचा प्रयत्न करू नये. झाकला तर जात नाहीच, आणि ते कपडे आधी उतरवून अंघोळ करणं हे वासापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे.

किती लावायचं? हिवाळ्यात दोन रेघा, प्रत्येकी पेराएवढ्या. एक मनगटाच्या आत, एक मानेच्या मागे केसांच्या रेषेखाली. बस्स. गळ्यासमोर लावलं तर दिवसभर वास आपल्याच नाकात चढतो, डोकं धरतं, आणि दोष अत्तराला जातो. पावसाळ्यात एकच रेघ. एका रेघेला साधारण ०.०३ मिली तेल जातं असं धरलं तर रोज दोन रेघांनी ६ मिलीची कुपी शंभर दिवस पुरते. म्हणजे दिवसाला दोन रुपये, टपरीवरच्या कट चहाहून कमी. मनगटं एकमेकांवर घासली तर 'वासाचे रेणू तुटतात' असं सांगणारे बरेच भेटतात. रेणू असे घासून तुटत नसतात. घासल्यानं तेल पसरतं, ऊब वाढते, आणि सुरुवातीचा कोकोचा भाग लवकर उडतो एवढंच. हा भागच या अत्तरात सगळ्यांत सुंदर असल्यामुळं घासू नये, हे मात्र खरं.

कातडी कोरडी असेल तर सहा तासांचे तीन होतात. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात ही अडचण जास्त. पाण्यात क्षार, साबणाला फेस नाही, अंघोळीनंतर कातडी ताणलेली आणि पांढुरकी. कोरड्या कातडीवर अत्तराला धरून ठेवायला काही नसतं. उपाय साधा आहे: अंग टिपल्यावर, ओलसर असतानाच, जिथं अत्तर लावायचं तिथं हरभऱ्याच्या डाळीएवढं बिनवासाचं व्हॅसलीन चोळायचं, दोन मिनिटं थांबून त्यावर रेघ ओढायची. तास-दीड तासाची वाढ सहज मिळते. पावडर आधी लावली तर उलटं होतं, ती तेल पिऊन टाकते आणि वर पांढरट लगदा दिसतो.

डोक्याला लावायच्या तेलाकडेही लक्ष द्यावं. साधं खोबरेल या अत्तराशी चांगलं जमतं, खोबऱ्याच्या वडीवर चॉकलेट ओतल्यासारखा वास येतो. कापूर-मेंथॉलचं थंडा तेल मात्र हाडवैरी. गोड आणि थंड मिळून थेट खोकल्याच्या औषधाची बाटली आठवते. सांधेदुखीचा मलम लावला असेल त्या दिवशी कुपी उघडूच नये.

दुसऱ्या अत्तरासोबत जोड द्यायची तर गुलाब. आधी गुलाबाची एक रेघ, पाच मिनिटांनी शेजारी, वर नव्हे, चॉको मस्कची अर्धी रेघ. गोडाला जरा आंबट-हिरवी धार येते आणि मधल्या दोन तासांचा कंटाळा जातो. खस चालतो, पण मग चॉकलेट मागं पडतं. मोगऱ्यासोबत नको, दोन्ही जड. संत्र्याच्या सालीचा वास चॉकलेटवर शोभतो खरा, पण संत्र्याची साल अंगावर पिळून उन्हात जाऊ नये. लिंबू-संत्र्याच्या कुळातल्या काही सालींच्या रसानं उन्हात कातडी काळवंडते, पुरळ येतं.

कपड्यांचा विषय वेगळा काढायला हवा, कारण नुकसान तिथंच होतं. व्हॅनिलिन हवा आणि उजेड लागला की पिवळं-तपकिरी पडतं. अल्कलीत, म्हणजे सोडा आणि धुण्याच्या पावडरीत, आणखीच रंग धरतं. त्यातून हे तेल. पांढरा शर्ट, धोतर, टोपी, लग्नातला फिकट शेला यांवर लावलेली रेघ त्या दिवशी दिसत नाही. दोन-चार धुण्यांनंतर चहा सांडल्यासारखा डाग वर येतो आणि मग तो हलत नाही. लावायचंच असेल तर गडद रंगाच्या कपड्याच्या आतल्या बाजूला, शिवणीवर, पदराच्या उलट बाजूच्या काठावर. रेशमावर अजिबात नाही. चुकून पांढऱ्यावर सांडलं तर पाणी लावायच्या आधी त्यावर बेसन किंवा टाल्कम पावडर जाडसर पसरायची, अर्धा तास तेल शोषू द्यायचं, झटकून भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब बोटानं चोळायचे, कोमट पाण्यानं धुवायचं. पावडरीत भिजवणं त्यानंतर. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री करू नये, उष्णतेनं तो पक्का बसतो.

मुंग्या लागतात का, असंही विचारलं जातं. साखर नाही त्यात, नुसता साखरेचा वास आहे. मुंग्या शहाण्या असतात.

विकत घेताना. ही कुपी खपते म्हणून तिची नक्कलही खपते, आणि आठवडी बाजारातल्या चटईवर शंभराला तीन मिळाल्या तर त्या कशा असतील हे सांगायला नको. खोक्यावरची छपाई पाहावी. अक्षरांच्या कडा पसरलेल्या, स्पेलिंग चुकलेलं, बॅच क्रमांक नसलेला किंवा बोटानं पुसला जाणारा, हे सगळे इशारे. कुपी आडवी करून हवेचा बुडबुडा पाहायचा. अत्तराच्या तेलात तो जरा रेंगाळत सरकतो, पाण्यासारखा पळाला तर आत काहीतरी पातळ ओतलंय. लावल्याबरोबर स्पिरिटचा झणका आला तर परत करावी, कारण या कुपीत अल्कोहोल असायचं कारण नाही. घरी आणल्यावर वहीच्या कोऱ्या कागदावर एक ठिपका टाकून दोन दिवस सावलीत ठेवा. कडेला जुन्या भज्यांच्या कागदासारखा पारदर्शक तेलकट गोल तसाच आहे आणि वास मात्र पार गेला, तर खाण्याचं किंवा पॅराफिनचं तेल जास्त आणि अत्तर कमी. खाण्याचं तेल असेल तर काही महिन्यांत खवट वासही सुटतो.

मोठ्या बाटलीतून मिलीवर किंवा तोळ्यावर काढून देणारे 'चॉकलेट अत्तर' ही निराळी चीज. ते वाईट असेलच असं नाही, कधी कधी तर या कुपीपेक्षा दाट आणि बरं निघतं. पण ते चॉको मस्क नव्हे, आणि दर वेळी तेच मिळेल याची खात्री नाही. तिथं घ्यायचं तर आधी एक मिलीच घ्यावं, कोपराच्या आत लावून घरी जावं. दुकानात अगरबत्ती, ऊद, शेजारच्या पंचवीस कुप्या यांच्यात नाक काही सांगू शकत नाही. 'भाऊ, आत्ताच घ्या, शेवटचा माल' म्हणत असेल तर नमस्कार करून निघावं.

कातडीला सोसतं का हेही त्याच एका रेघेनं तपासायचं. कोपराच्या आत लावून चोवीस तास, जमल्यास दोन दिवस पाहायचं. दालचिनीचे घटक आणि कुमारिन नावाचं गोड वासाचं रसायन काहींच्या कातडीला खाज आणतात. घामोळ्यांवर, दाढी केल्या केल्या गालावर, चिरलेल्या जागी लावू नये. तान्ह्या लेकराला तर हे किंवा कुठलंच अत्तर लावायचं नाही, बारशाला सुद्धा नाही. दम्याचं माणूस घरात असेल तर त्याच्या खाटेपासून दूर.

ठेवायची जागा हा उन्हाळ्यातला दुसरा घोळ. टिनाच्या छपराखाली, मोटरसायकलच्या डिक्कीत, खिडकीच्या कठड्यावर ठेवलेलं तेल तापून प्रसरण पावतं, गोळ्याच्या खोबणीतून झिरपतं आणि टोपणाच्या आट्यांत साचतं. मग टोपण उघडलं की बोटं चिकट आणि कुपी पाव रिकामी. हे तेल प्लास्टिक आणि नेलपॉलिशही मऊ करतं, मोबाइलच्या कव्हरवर सांडलं तर छाप उठतो. स्टीलच्या लहान डबीत, उभी, मातीच्या भिंतीतल्या देवळीत किंवा माठाच्या बाजूच्या थंड कोपऱ्यात ठेवावी. अशी ठेवलेली कुपी दोन वर्षं तरी बिघडत नाही. रंग जरा गडद होतो, ते व्हॅनिलिनचं काम, त्यानं वास बिघडला असं समजू नये. गोळा अडकला तर सुई घालून उचकटायचा नाही, खोबण फाटते. कुपी उलटी धरून कोमट पाण्यात बुडवलेल्या फडक्यात मिनिटभर गुंडाळायची, गोळा स्वच्छ कापडावर फिरवायचा, सुटतो. बहुतेक वेळा त्यावर कातडीचा मळ आणि पावडर बसलेली असते.

याच नावाचा स्प्रेही मिळतो. त्यात अल्कोहोल असल्यानं वास लांब जातो आणि लवकर संपतो. खिशाला दोन-तीन हजार परवडत असतील आणि गोडच हवं असेल तर दुबईच्या लताफाचं २०२२ साली आलेलं 'खमरा' पाहावं: खजूर, दालचिनी, प्रलीन (साखरेत घोळवलेल्या सुक्या मेव्याचा वास), खाली व्हॅनिला आणि टोंका नावाच्या गोड वासाच्या बिया. ते जास्त खोल आहे, मधल्या तासांत कंटाळा येत नाही, आणि टिकतं कितीतरी जास्त. पण ते जानेवारीतसुद्धा दोन फवाऱ्यांच्या वर मारण्यासारखं नाही, आणि मे महिन्यात तर चॉको मस्कपेक्षा जास्त छळतं. बारावीतल्या मुला-मुलीला पहिलं अत्तर घेऊन द्यायचं, भाऊबिजेला बहिणीच्या ताटात काही ठेवायचं, तर सहा मिलीची कुपीच बरी. आवडलं नाही तर दोनशेच गेले.

कुपी संपत आली की गोळा कोरडा फिरतो, तरी आत भिंतीला बरंच तेल असतं. नखानं गोळ्याची खोबण उचलून काढायची, आत कापसाची वात सरकवायची आणि ती वात कुपीसकट जुन्या रुमालात गुंडाळून स्वेटर-शालींच्या पेटीत, तळाशी ठेवून द्यायची. पुढच्या दिवाळीला पेटी उघडेपर्यंत वास राहतो. पांढरे कपडे तेवढे दुसऱ्या पेटीत.